शनिवारचा पगार आणि वर्षाचा हिशेब

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांचे पती टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात आणि त्या स्वतः घरी बिड्या वळतात. घरात सासूबाई, यंदा दहावीत जाणारी मुलगी आणि सहावीत जाणारा मुलगा. त्या लिहितात : "दोघांचे मिळून आठवड्याला ३,३०० येतात, म्हणजे महिन्याला तेरा हजार. सगळा खर्च वहीत लिहिते. दूध अर्धा लिटरवर आणलं, चहा एक वेळ केला, तरी दर दोन-तीन महिन्यांनी कुणापुढे तरी हात पसरावा लागतो. लाडकी बहीणचे १,५०० येतात तेही कुठे जातात कळत नाही. आता मुलीची शिकवणी बंद करावी का, असा विचार आहे. माझं कुठे चुकतंय?" सोबत त्यांनी चार महिन्यांच्या वहीची पानंही पाठवली आहेत.

ताई, तुमची वही मी दोनदा वाचली. त्यात उधळपट्टीची एक ओळ सापडली नाही. चार महिन्यांत बाहेरचं खाणं एकदाच दिसतं, तेही मुलाच्या वाढदिवसाला वीस रुपयांची भेळ. हे आधी सांगते, कारण एकवीस वर्षं बचत गटांचं काम करताना मी पाहिलंय की पैसे पुरले नाहीत की बाई आधी स्वतःला दोष देते आणि मग स्वतःचं ताट कमी करते. तुम्ही दूध आणि चहा कमी केलात. त्यातून महिन्याला तीनशे-चारशे वाचले असतील. भोक तिथे नाहीच.

चूक एकाच ठिकाणी आहे, आणि ती वही कशी ठेवायची हे ज्यांनी शिकवलं त्यांची आहे. महिन्याचा हिशेब पगारदाराला चालतो, कारण त्याला एक तारखेला ठरलेली रक्कम मिळते. तुमच्या घरात पैसा शनिवारी येतो, आणि मोठे खर्च वर्षातून एकदा, आपापल्या हंगामाला येतात. म्हणून तुम्हाला दोनच हिशेब हवेत : आठवड्याचा आणि वर्षाचा. महिना फक्त घरमालकासाठी आणि कर्जाच्या हप्त्यासाठी.

आधी वर्षाचा करू. आठवड्याला ३,३०० हे भरल्या आठवड्याचे झाले. तुमच्याच वहीत मंदीचे आठवडे आहेत. ऑर्डर नाही म्हणून माग अर्धवट चालला आणि २,५०० च्या जागी यांचे १,३०० आले. जत्रेच्या आठवड्यात काहीच आलं नाही. पान खराब निघालं किंवा तुम्हीच आजारी पडलात म्हणून बिडीचे ८०० बुडाले. मागच्या वर्षाचं तुम्ही जे आठवून लिहिलंत त्यावरून मी असं धरलंय : यांचे ४० आठवडे पूर्ण, ८ अर्धे, ४ कोरे, तुमचे ४६ आठवडे. यांचे १,१०,४०० आणि तुमचे ३६,८००. एकूण १,४७,२००. भागिले ५२ केलं की आठवड्याला साधारण २,८३० पडतात. तुम्ही ३,३०० डोळ्यासमोर ठेवून घर चालवता आणि हातात सरासरी २,८३० येतात. हा फरक वहीत कुठेच दिसत नाही, कारण न आलेला पैसा कुणी लिहून ठेवत नाही.

आता जाणारा पैसा. भाडं २,५००, लाईट ६००, गॅस ६०० (सिलिंडर दीड महिना जातो म्हणून), फायनान्सचा हप्ता २,११५, त्या शेजारच्या गल्लीतल्या गृहस्थाचं व्याज १,०००, सासूबाईंची औषधं ७००, शिकवणी ४००, दोन मोबाईलचे रिचार्ज ६००, गटाची बचत २००. बेरीज ८,७१५. वर्षाचे १,०४,५८०. खाण्यापिण्याला, यांचा चहा-तंबाखू धरून, तुमच्या वहीप्रमाणे आठवड्याला हजार जातात, वर्षाचे ५२,०००. यातच मिळकतीपेक्षा ९,३८० जास्त झाले. शिवाय जूनची वह्या-पुस्तकं-गणवेश, दिवाळी, लग्नकार्यातला आहेर, एखादं आजारपण, वर्षातून एकदा कपडे. हे मी हात राखून १६,००० धरले. समोर लाडकी बहीणचे वर्षाचे १८,००० ठेवले तरी ७,३८० कमी पडतात.

म्हणजे तुम्ही कितीही नेटानं राहिलात तरी दरवर्षी सात-साडेसात हजारांचं नवं कर्ज या घराला लागणारच. प्रश्न एवढाच की हे ७,३८० पोटाला हात न लावता कुठून काढायचे. मला ते दिसतात.

सगळ्यात आधी ते हजार रुपये व्याज. तुम्ही वहीत ते "काकांना १,०००" असं लिहिलंय, जणू भाडंच. दहा हजार घेतले होते, शेकडा दहाने, चौदा महिन्यांपूर्वी. आतापर्यंत १४,००० दिलेत आणि मुद्दल दहाच्या दहा हजार उभी आहे. शेकडा दहा ऐकायला लहान वाटतं कारण ते महिन्याचं बोलतात. वर्षाचं १२० टक्के झालं. आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाला, तारण न घेता दिलेल्या कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तुमच्या काकांकडे परवाना असेल असं मला वाटत नाही.

याबाबतीत मी थोडी कडक बोलते, त्याला कारण आहे. मी गिरणी कामगाराची मुलगी. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. आईने दोन पाटल्या गहाण ठेवल्या आणि तीन वर्षं व्याज भरलं. दर महिन्याला ती आम्हाला सांगायची, "व्याज थकलं नाही, पाटल्या आपल्याच आहेत." व्याज कधी थकलं नाही, आणि पाटल्याही परत आल्या नाहीत. नुसतं व्याज वेळेवर भरणं म्हणजे कर्ज फेडणं नव्हे, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

तुम्ही तीन वर्षं गटात आहात आणि महिन्याला २०० भरता. म्हणजे ७,२०० रुपये तुमचे स्वतःचे गटात आहेत. तरी तुम्ही गटाकडे कधी कर्ज मागितलं नाही. का, ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. गटात मागायचं म्हणजे दहाजणींसमोर कारण सांगायचं, आणि काकांकडून घेतलं की कुणाला कळत नाही. ताई, त्या झाकल्या मुठीचं भाडं तुम्ही महिन्याला हजार रुपये भरताय. गटातल्या निम्म्या तरी बायका असल्याच काकांच्या वहीत असतात, हे मी अनुभवावरून सांगते. एकीनं बैठकीत तोंड उघडलं की पुढच्या बैठकीत तिघी बोलतात.

हिशेब असा बसतो. गटातून शेकडा दोनने दहा हजार घ्या आणि काकांचे एकरकमी देऊन टाका. आता काकांना देता तेच हजार रुपये दर महिन्याला गटात भरा. पहिल्या महिन्यात त्यातले २०० व्याजात जातील, ८०० मुद्दलात. पुढच्या महिन्यात व्याज १८४. असं उतरत उतरत बाराव्या महिन्यात कर्ज संपतं, आणि तो शेवटचा हप्ता तीनशेच्या आतला असतो. खिशातून एक रुपया जादा न घालता, जे चौदा महिन्यांत हललं नाही ते वर्षात संपेल. व्याज सगळं मिळून साडेबाराशेच्या आसपास पडतं, आणि तेही गटातच राहतं, त्यात तुमचाही वाटा आहे.

काकांकडे जाताना एकट्या जाऊ नका. गटाच्या अध्यक्ष आणि आणखी एक बाई सोबत न्या. तुमच्या सहीचा कोरा चेक किंवा स्टॅम्प पेपर त्यांच्याकडे असेल तर पैसे हातात देण्याआधी तो समोर मागून घ्या, आणि "सर्व रक्कम मिळाली" असं तारखेसह लिहून घ्या. चेक हरवला म्हणाले तर बँकेला त्या नंबरचा चेक थांबवण्याचा अर्ज द्या. आणखी पैसे निघतात म्हणून धमकावू लागले तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात सावकारीची लेखी तक्रार करता येते. बहुतेक वेळा दोन बायका सोबत आहेत हे पाहूनच माणूस नरमतो.

फायनान्सचा हप्ता चालू द्या. ४०,००० चं दोन वर्षांचं कर्ज आहे, त्यातलं दीड वर्ष झालं. महागडं आहे, पण त्याला शेवट आहे. फक्त तीन गोष्टी पाळा. हे कर्ज संपत आलं की फायनान्सचा तोच माणूस "आता ६०,००० मिळतील" म्हणून येईल. दारात उभं राहून हो म्हणू नका, घरात बोलून आठवड्याने सांगते म्हणा. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण ती देणाऱ्यावरची मर्यादा आहे. निम्मी मिळकत हप्त्यात गेल्यावर तुमच्यासारखं घर उभं राहत नाही. माझ्या मते पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. दुसरं, वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर यायला त्यांना मनाई आहे. रात्री येऊन ओट्यावर बसणाऱ्याला हे तोंडावर सांगायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : स्वतःच्या नावावर दुसऱ्या कुणासाठी कर्ज काढू नका. जावेसाठी नाही, शेजारणीसाठी नाही, "हप्ता मीच भरेन" म्हणून पाया पडली तरी नाही. पूर्व भागात मी जेवढी घरं कर्जात बुडालेली पाहिली, त्यांतल्या अनेकांनी तो पैसा स्वतः हातात घेतलासुद्धा नव्हता. तिची अडचण खरी असेल तर तिला बैठकीला घेऊन या, गट मार्ग काढेल.

आता सासूबाईंची औषधं. वहीसोबत तुम्ही चिठ्ठीचा फोटो पाठवलाय. साखर आणि बीपीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन. या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासून मोफत मिळतात. सासूबाईंना फाईल घेऊन एकदा तिथे न्या, तिथल्या डॉक्टरांना चालू गोळ्या दाखवा. स्वतःच्या मनाने गोळी बदलू नका आणि एक दिवसही बंद ठेवू नका. कधी साठा संपलेला असतो, तेव्हा जनऔषधी दुकानात त्याच नावाची गोळी घ्या, दुकानदाराने पुढे केलेल्या ब्रँडची नको. यात ७०० चे २०० झाले तरी वर्षाला ६,००० वाचतात. तुमची एक सकाळ महिन्याला तिथे जाईल, म्हणजे शंभर-दीडशेच्या बिड्या कमी होतील. मुलीला सुट्टी असेल त्या दिवशी तिला आजीसोबत पाठवा, तिलाही माहिती होईल.

मोठं आजारपण आलं तर घाबरून खासगी दवाखान्यात अनामत भरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. दाखल होण्याआधी "आरोग्यमित्र कुठे बसतात" एवढंच विचारायचं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्यांचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधार कार्डं एका पिशवीत, दाराजवळच्या खिळ्याला. रात्री दोन वाजता पेटी उचकायची वेळ येऊ नये. आणि बँकेत जाऊन यांच्या नावे दोन विमे चालू आहेत का पाहा : वर्षाला २० रुपयांचा अपघाताचा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही २ लाखांचे. पैसे मे अखेरीस खात्यातून कापतात, तेव्हा खात्यात तेवढे असायला हवेत. मागावर काम करणारा माणूस आहे, हे ४५६ रुपये मी खर्चात धरायला लावेन, कशातून वाचवायला नाही.

तिसरी बचत लहान आहे पण आजच्या आज होईल. तुम्ही संध्याकाळी साठ वॅटच्या पिवळ्या बल्बखाली बिड्या वळता. सहा तास रोज म्हणजे महिन्याला जवळजवळ ११ युनिट. नऊ वॅटच्या एलईडीला दीड-पावणेदोन. घरमालक तुमच्याकडून युनिटला १२ घेतात, म्हणजे महिन्याला ११० वाचले, वर्षाला तेराशे. डोळ्यांनाही उजेड चांगला पडेल.

औषधांचे ६,००० आणि बल्बचे १,३००, झाले ७,३००. तुमची तूट ७,३८० होती. दूध परत पाऊण लिटर करा, मी सांगते म्हणून करा. मुलं वाढीची आहेत.

आता शनिवारची वाटणी. पैसे हातात आले की आधी महिन्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा बाजूला : भाड्याचे ६२५, हप्त्याचे ५३०, गटाच्या कर्जाचे २५०, लाईट, गॅस, औषध, शिकवणी, रिचार्ज सगळं धरून साधारण २,०३०. हजार घरखर्चाला. भरल्या आठवड्यात २७० उरतील. ते मंदीच्या डब्यात.

आणि आता गंमत बघा. भाडं आणि हप्ता वर्षातून बारा वेळा जातो, चार आठवड्यांत त्याचे पैसे पूर्ण साठतात. पण वर्षात शनिवार बावन्न असतात. म्हणजे वर्षातल्या चार महिन्यांत पाचवा शनिवार येतो, आणि त्या पगारावर घरमालकाचा हक्क नसतो. २०२६ मध्ये असे महिने जानेवारी, मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबर आहेत. आजवर तो पाचवा पगार इतर पैशांत मिसळून गेला. कॅलेंडरवर त्या शनिवारांना कुंकवाचं बोट लावून ठेवा. त्या दिवशी घरखर्चाचे हजार काढले की २,३०० मोकळे राहतात. तेही मंदीच्या डब्यात. बाकीचे अठ्ठेचाळीस आठवडे भरले धरून त्यांचे २७० आणि हे चार पगार मिळून वर्षाला बावीस हजारांच्या आसपास जातात, आणि मंदीत तुमचे बुडतात चोवीस हजार. जवळजवळ भरून निघतं. पहिल्या वर्षी डबा भरायच्या आत मंदी आली तर किराणा दुकानाची उधारी घ्या, तिच्याबद्दल पुढे सांगते.

रिचार्जचंही असंच, पण उलटं आहे. अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. दुकानात पूर्ण महिन्याचा किंवा लांब मुदतीचा प्लॅन विचारून दिवसाला किती पडतं ते काढा, आणि दोनपैकी एकाच फोनवर नेट ठेवा.

लाडकी बहीणचे १,५०० घरखर्चात आणायचेच नाहीत. ते कधी वेळेवर येतात, कधी दोन महिन्यांचे एकदम. त्यांच्या भरवशावर चूल ठेवली की उशीर झाल्यावर उसनवारी ठरलेली. ते खात्यातच राहू द्या. तो वर्षाचा डबा : जूनची शाळा, दिवाळी, आहेर, आजारपण. या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, नेमका शाळेच्या तोंडावर. नणंद आणि जावई धोंड्याच्या जेवणाला येणार, सासूबाईंची हौस असणार. पुरणाचे धोंडे आणि ब्लाऊजपीस एवढं मनापासून करा, चांदीचं निरांजन राहू द्या. सासूबाईंना आत्ताच, मार्चमध्येच, सांगून ठेवलंत तर त्यांना वाईट वाटणार नाही. ऐनवेळी सांगितलं तर वाटेल.

मंदीचा डबा घरात ठेवू नका. घरातला पैसा सगळ्यांना दिसतो आणि दिसणारा पैसा कुणीतरी मागतोच. पोस्टात बचत खातं उघडा किंवा जनधन खात्याचं एटीएम कार्ड गटाच्या पेटीत ठेवा. मी बऱ्याच जणींना हेच करायला लावलं. आठवड्याला फेरी जमत नसेल तर महिन्यातून एकदा भरा, तोवर पैसे गटाच्या सचिवांकडे चिठ्ठी घेऊन ठेवा.

किराण्याच्या उधारीबद्दल तुम्ही अपराधी वाटतं असं लिहिलंय. वाटायचं कारण नाही. बिनव्याजी पैसे देणारा तुमच्या आयुष्यातला तो एकच माणूस आहे. ते खातं मोडू नका. फक्त पाचशेची हद्द घाला, दर शनिवारी मिटवा, आणि दुकानदाराच्या वहीसोबत तुमच्या वहीतही लिहा. मंदीच्या आठवड्यात त्याला सांगून वाढवा. शनिवारी नेमाने मिटवणाऱ्या बाईला तो नाही म्हणत नाही. रोज दहा-वीस रुपयांचं सुटं तेल मात्र आणू नका. त्यापेक्षा लिटरची पिशवी किती स्वस्त पडते ते एकदा दुकानातच मोजा. साखर, चहा, साबण यांचंही तेच. उलट शाम्पूची रुपयाची पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, ती खुशाल घ्या.

रेशन पाच माणसांचं पंचवीस किलो मिळायला हवं, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. तुमच्या वहीत वीस किलो दिसतं. माझा अंदाज, सासूबाईंचं नाव अजून गावाच्या कार्डावर आहे किंवा त्यांचं केवायसी राहिलंय. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, मग काम तसंच राहून जातं. एका नावाचे वर्षाला साठ किलो होतात. त्यासाठी दोन फेऱ्या मारायला हरकत नाही.

ज्वारी आत्ता रास होऊन बाजारात येतेय, फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पावसाळ्यापेक्षा स्वस्त असते. आई आम्हा भावंडांना घेऊन मार्केट यार्डात जायची, चार घरांत मिळून पोती घ्यायची, उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. तुम्ही यंदा गटातल्या तिघी-चौघी मिळून दोन पोती घ्या. तूरडाळीच्या जोडीला मटकी, हुलगे, मसूर आलटून पालटून करा. शेंगाची चटणी कमी करू नका, आपल्याकडे गरिबाच्या ताटातला कस तिथे आहे. मुलगा शाळेत दुपारचं जेवतो ना, ते तपासा. मोठा झालो म्हणून पोरं लाजतात आणि उपाशी राहतात.

यांच्याशी कसं बोलायचं, असं तुम्ही शेवटी चाचरत विचारलंय. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर वही मुलीला वाचायला द्या. बायकोनं वाचलं की नवऱ्याला जाब विचारल्यासारखं वाटतं. मुलगी वाचते तेव्हा तो ऐकतो. यांना आठवड्याला दीडशे रुपये त्यांचे म्हणून द्या आणि त्याचा हिशेब कधीही मागू नका. कष्ट करणाऱ्या माणसाच्या खिशात स्वतःचे चार पैसे नसले की तो मग लपवून उसने घेतो. आणि पन्नास रुपये तुमचे. ते कशावर घातले हे वहीत लिहायचं नाही.

शिकवणी बंद करू नका. ४०० रुपये दहा महिने, त्यासाठी मी वरच्या सगळ्या आकड्यांत जागा ठेवलीय. उलट मुलांच्या नावाचे पैसे तुम्ही अजून घेतलेच नाहीत. तुमच्याकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र आहे. सहा महिने काम झालेल्या बिडी कामगाराच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती असते, वर्गाप्रमाणे रक्कम वाढत जाते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. शाळेतल्या मुख्याध्यापकांना विचारा, बँक खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. धाकट्याला आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. अनुदानित शाळेत आहे, सातवीत ५५ टक्के मिळाले की बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००.

मुलीला पुढे इंजिनिअरिंग किंवा फार्मसी करायचं मनात असेल तर २०२४ पासून राज्यात ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. त्याला दाखले लागतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर सेतू कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते आणि एजंट दाखल्याचे हजार-पंधराशे मागतात. जातीचा आणि रहिवासाचा दाखला या मार्च-एप्रिलमध्येच काढून घ्या. त्यासाठी सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला लागेल. सासूबाईंना विचारा, त्यांच्या ट्रंकेत असेल.